गुरुमुख, यंत्र आणि आपला कान

संगीत शिकविण्याचे काम करणाऱ्या आम्हां मंडळींपुढे हल्ली तीन प्रश्न वारंवार येतात, व ते विचारणारे बहुधा आपल्याच सभासद कुटुंबांतील असतात. पहिला प्रश्न असा: घरी तंबोरा नाही; मोबाइलवर तंबोऱ्याचा सूर लावून मुलीने रियाज केला तर चालेल काय? दुसरा: चांगले शिक्षक दूरच्या गावी आहेत; पडद्यावर समोरासमोर बसून शिकले तर विद्या येईल काय? आणि तिसरा, जो एका घराचा नसून सर्वांचा आहे: आरतीच्या वेळी नगारा व झांज वाजविणारे हात मिळेनासे झाले आहेत, तेव्हा विजेवर चालणारे वाद्ययंत्र बसवून टाकावे काय?

या प्रश्नांना एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे, पण ते उपयोगाचे नाही. यंत्राचा तिटकारा करणारे व यंत्रावर भाळलेले असे दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. ती ही की, प्रत्येक साधन काही देते व त्याच्या मोबदल्यात काही मागते. काय देते आणि काय मागते, याचा हिशेब करून मगच ते घरात आणावे. हा हिशेब कसा करावयाचा, हे पाहणे हाच आजच्या पाठाचा विषय होय.

कागदावर उतरलेला सूर

साधनांविषयीचा हा वाद काही आजचा नव्हे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तेव्हा तेथे स्वरलिपीच्या, म्हणजे गाणे लिहून ठेवण्याच्या पद्धतीच्या, साह्याने शिक्षण देण्यात येऊ लागले. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली व १९१८ साली ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतील शेकडो चिजा मिळवून त्या स्वरलिपीत लिहिल्या व क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून सर्वांपुढे ठेवल्या. जी चीज मिळविण्यासाठी शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावयाची, ती आता कोणालाही पुस्तकात पाहता येऊ लागली.

यात लाभ किती झाला, हे सांगावयास नको. उस्ताद निवर्तला की त्याच्याबरोबर त्याच्या चिजाही जात. ते पुष्कळ अंशी थांबले. परंतु लिपीला मर्यादा आहेत, हे भातखंड्यांच्या पुस्तकांवरून शिकविणारा प्रत्येक शिक्षक जाणतो. दरबारी कानड्यातील कोमल गंधार व भीमपलासीतील कोमल गंधार हे दोन्ही कागदावर एकाच चिन्हाने लिहितात. पण दरबारीतला गंधार संथ आंदोलन घेत खालच्या अंगाने झुलतो, आणि भीमपलासीतला मध्यमाच्या आधाराने, मींडेच्या ओघात येतो. चिन्ह एक, स्वर दोन. हा फरक ज्याने कानाने ऐकला आहे त्यालाच ते पुस्तक उपयोगी पडते. ज्याने ऐकला नाही, त्याच्या हाती केवळ सांगाडा राहतो. लिपीने स्मरण दिले. मोबदल्यात तिने मागितले ते हे, की सांगाड्यालाच देह समजण्याचा मोह आपण आवरावा.

पेटीचा गंधार

आपल्या भजनांत पेटी इतकी रुळली आहे की, ती बाहेरून आलेली आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तरी आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांत बंदी घातली होती व ती सुमारे तीन दशके टिकली. बंदी योग्य होती की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. त्या वादाच्या मुळाशी जे तथ्य होते, ते मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे.

समजा, आपल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपने सेकंदास १२० आहेत. कोणतीही तार छेडली की तिच्या मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म नादही उमटतात. १२० ची पाचपट ६००. हाच तार सप्तकातील शुद्ध गंधार होय. तारेवर कोणी गंधार लावलेला नसतानाही उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून तो आपोआप ऐकू येतो, म्हणूनच आपले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता पेटीकडे वळू. कोणत्याही पट्टीतून गाता यावे म्हणून तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. या समान वाटणीत पंचम जवळजवळ जागेवर पडतो, पण गंधार चढा होतो. तो ६०० वर न येता सुमारे ६०४.८ वर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदास जवळजवळ पाच हेलकावे कानी पडतात. हाच तो बेसूर, जो पुष्कळांना जाणवतो पण सांगता येत नाही.

म्हणून पेटी फेकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या वादकांनी याच पेटीतून गायकाच्या गळ्याला शोभेल अशी साथ काढून दाखविली, व शेकडो विद्यार्थी घडविले. आम्ही सुचवितो ते इतकेच: मुलाला गंधार शोधावयाचा असेल तेव्हा त्याने पेटीचा पडदा दाबून त्यामागे गळा नेऊ नये. पेटीवर षड्ज व पंचम धरावेत, आणि गंधार गळ्याने शोधावा. वाट दाखविण्यापुरती पेटी पुढे असावी. मुक्कामावर गळ्याने स्वतः पोहोचावे.

पहिला प्रश्न: यंत्रातला तंबोरा

बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. प्रवासात चार फुटांचा भोपळा व दांडी सांभाळीत हिंडणाऱ्या गायकांना त्याने केवढा दिलासा दिला, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. आता तर तोच नाद मोबाइलमध्ये फुकट मिळतो. ज्या घरात तंबोरा ठेवावयास जागा नाही, त्या घरातील मुलीला रोज पहाटे स्थिर षड्ज मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चालेल. पण तीन गोष्टी संभाळून.

एक तर मोबाइलच्या लहानशा कर्ण्यातून खर्जाचा मूळ नाद जवळजवळ येतच नाही. वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. तेव्हा तो नाद मोठ्या ध्वनिक्षेपकावर, परंतु हलक्या आवाजात, लावावा. दुसरे म्हणजे यंत्राच्या आवाजावर आपला आवाज चढवू नये. यंत्र थकत नाही, गळा थकतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे तंबोरा जुळविणे हा स्वतःच एक पाठ आहे. घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा बारीकसा धागा, ज्याला आपण जीवा म्हणतो, तो किंचित सरकविला की तार घोडीच्या पृष्ठभागाला घासून बोलू लागते व नादात जवारी येते. तारेच्या ज्या बिंदूवर छेडावे त्या बिंदूशी बांधलेले उपस्वर उमटू नयेत, असा साध्या तारेचा नियम आहे. तंबोऱ्याच्या तारेत तेही उमटतात, ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या निबंधात दाखवून दिली, व त्याचे कारण त्या घोडीच्या घडणीत आहे असे सांगितले. मिरजेच्या कारागिरांनी हे हातांनी पिढ्यान् पिढ्या जाणले होते. तेथील तंबोऱ्याला व सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

जो विद्यार्थी खुंटी पिळतो, मणी सरकवितो व जीवा हलवितो, त्याचा कान घडत असतो. कळ दाबताच जुळलेला सूर मिळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जुळलेले’ म्हणजे काय, हे ओळखण्याची गरजच पडत नाही. यंत्राने सोय दिली व मोबदल्यात कानाची ही मेहनत मागितली. म्हणून घरी यंत्र असले तरी आठवड्यातून एकदा तरी खरा तंबोरा हाती घेऊन तो लावण्याचा सराव करावा. पुष्कळ देवळांत असा एखादा तंबोरा गवसणीत गुंडाळून कोनाड्यात उभा असतो. त्याच्या तारा बदलून तो मुलांच्या स्वाधीन करावा.

तबकडीने काय दिले

१९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात व तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, हा त्यात हेतू असे. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर चालणारा राग त्या अवधीत बसविण्याची विद्या आपल्या गायक-गायिकांनी अल्पावकाशात साध्य केली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील असेच एक ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंचे देहावसान झाले; त्यांचा स्वर मात्र सूर्यमालेच्या सीमेकडे निघाला होता.

पण तबकडी शिकविते काय? गदगच्या भीमसेन जोशी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून तो मुलगा वेडावला व १९३३ साली, वय अकरा, घर सोडून निघाला. तो ग्वाल्हेरास गेला, ठिकठिकाणी हिंडला, व शेवटी कुंदगोळास खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी जाऊन बसला. या कथेतून पुष्कळजण तबकडीचा महिमा घेतात. आम्हांस तिच्यातून निराळाच बोध होतो. तबकडीवर गाणे पुरते मिळत असते, तर त्या मुलाला घर सोडण्याचे कारण काय होते? तबकडीने तहान लावली. पाणी गुरूच्या घरी होते. ‘हा स्वर पुन्हा लाव’ असे तबकडी म्हणत नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे. त्याचा एक उत्तम उपयोग विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून आपणांस तो आहे त्याहून भरदार वाटतो. रियाजातील पाच मिनिटे मुद्रित करून दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकावीत व जेथे स्वर हलला तेथे कागदावर खूण करावी. असा निष्पक्षपाती परीक्षक पूर्वी कोणाला मिळत नव्हता.

मात्र याच ध्वनिमुद्रकाचा एक वाईट उपयोगही वर्गावर्गांत चालू आहे. शिक्षक बंदिश सांगू लागले की मुले ती मुद्रित करून ठेवतात, आणि ‘आहे ना आपल्याजवळ’ या समाधानात ती पाठ करण्याचे राहून जाते. अशा मुद्रित बंदिशींचा ढीग वाढतो व गळ्यात एकही उतरत नाही. आमचा नियम असा की, बंदिश प्रथम तोंडपाठ व्हावी, मग तिचे मुद्रण घ्यावे. उधार आणलेले धान्य कोठारात दिसले, म्हणून शेत पिकले असे होत नाही.

दुसरा प्रश्न: पडद्यावरची तालीम

२०२० साली साथीमुळे सर्वत्र टाळेबंदी झाली, तेव्हा गायनाचे वर्ग पडद्यावर गेले, व साथ ओसरल्यावरही पुष्कळ वर्ग तेथेच राहिले. इंदूरची मुलगी पुण्याच्या गुरूंकडे, हैदराबादचा मुलगा धारवाडास, अशी शिकवणी आता घरोघर चालते. तीत कोणत्या अडचणी असतात, त्या यंत्राच्या घडणीतूनच समजून घेऊ.

पहिली अडचण विलंबाची. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज आपणांस सेकंदाच्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या भागात मिळतो व लय सांभाळता येते. दूरच्या पडद्यावरून आवाज येण्यास सेकंदाचा दहावा, पुष्कळदा पाचवा भाग लागतो. द्रुत तीनतालात मिनिटास २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे येथली सम तेथे पोहोचेतो मात्रा सरत आलेली असते. म्हणून पडद्यावर गुरु-शिष्यांनी एकत्र गाणे किंवा तेथून ठेका धरून येथे गाणे जमत नाही. एकाने म्हणावे व दुसऱ्याने मागून म्हणावे, एवढेच जमते. सुदैवाने आपली जुनी तालीमही बहुतांशी अशीच असे.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. ही साधने मुळात संभाषणासाठी बनलेली. पंख्याची घरघर काढून टाकून माणसाचे बोलणे तेवढे पुढे पाठवावे, अशी त्यांची रचना असते. जो नाद अखंड, एकसारखा चालतो, तो त्यांच्या हिशेबी गोंगाट. आता अखंड, एकसारखा चालणारा नाद आपल्या संगीतात कोणता? तंबोऱ्याचा! तेव्हा यंत्र नेमका आधारस्वर कापून टाकते, व गायकाने लांबविलेला षड्जही मधूनमधून खाऊन टाकते. यावर उपाय आहे. ही काटछाट बंद करून मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठविण्याची सोय काही साधनांत असते. ती प्रथम शोधून चालू करावी, आणि तंबोरा दोन्ही घरी स्वतंत्र, एकाच पट्टीत लावावा.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: ज्याला जवळ गुरु नाही त्याने पडद्यावरून अवश्य शिकावे. परंतु लयीचे शिक्षण गावातल्या तबलजीसमोर बसून घ्यावे, आणि वर्षातून निदान काही दिवस गुरुगृही जाऊन राहावे. गुरु श्वास कोठे घेतात, चुकीच्या स्वरावर त्यांचा चेहरा कसा होतो, मैफलीपूर्वी ते किती वेळ गप्प बसतात, हे पडद्याच्या चौकटीत मावत नाही.

येथेच स्वर सुधारून देणाऱ्या यंत्राविषयीही एक इशारा देऊन ठेवतो. भूगर्भातील तेलाच्या शोधाकरिता ध्वनिलहरींचे पृथक्करण करणाऱ्या एका तज्ज्ञाने, अँडी हिल्डेब्रँड यांनी, १९९७ साली ऑटो-ट्यून हे साधन आणले. ते हललेला स्वर जवळच्या ठराविक घरात नेऊन बसविते. पण मींड म्हणजे घरांच्या मधली वाटच. ती या यंत्रात घातली की वळणदार घाटाच्या जागी जिन्याच्या पायऱ्या होतात. अलीकडे तर शब्द दिले की चाल लावून गाऊन दाखविणारी यंत्रेही आली आहेत. त्यांचे गाणे ऐकून करमणूक खुशाल करावी. परंतु मुलाने गायिलेले वाकडेतिकडे भजन त्याहून मोलाचे आहे, कारण त्यात उद्या सुधारणारा गळा आहे.

तिसरा प्रश्न: आरतीचा नगारा

आता सर्वांत अवघड प्रश्न. विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र वेळेवर वाजते, सुट्टी घेत नाही, परगावी नोकरीस जात नाही. विश्वस्त मंडळींची अडचण आम्ही जाणतो; संध्याकाळी देवळात चार माणसे असताना कोणी काय करावे? तरीही मुख्य आरतीला हे यंत्र बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, व त्याला कारणे आहेत.

आरतीची लय कोणी एकजण ठरवीत नाही. ती जमलेल्यांतून निघते. आरती संथ उठते, कडव्याकडव्याने चढते, एखाद्या आजीबाईंचा श्वास पुरावा म्हणून क्षणभर थबकते, आणि शेवटी सगळे मिळून ती पेलतात. यंत्राला एकच गती ठाऊक. त्याच्या मागे सर्वांनी धावावयाचे. शिवाय त्याच्या आवाजात शेजारच्याचा स्वर ऐकू येत नाही, म्हणून हळूहळू माणसे म्हणणेच सोडतात. आम्ही अशी देवळे पाहिली आहेत, जेथे यंत्र घणघणत असते व भक्तमंडळी हात जोडून मुकाट उभी असतात.

याहून मोठी हानी पुढच्या पिढीची आहे. गोव्याच्या देवस्थानांच्या परंपरेतूनच खाप्रूमामा पर्वतकरांसारखे ‘लयभास्कर’ पुढे आले. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखविण्याबद्दल त्यांची ख्याती होती. असा पुरुष प्रत्येक गावी निपजत नाही, हे खरे. पण फी न देता, परीक्षा न देता, मोठ्यांच्या रांगेत उभे राहून लहान मुलाने झांज हाती घ्यावी, चुकावे, व पुढच्या आठवड्यात कमी चुकावे, असे स्थान गावात देवळाखेरीज दुसरे कोणते उरले आहे? यंत्र आले की ते स्थान मिटले. वाजविणारे नाहीत म्हणून यंत्र येते, आणि यंत्र आले म्हणून वाजविणारे घडत नाहीत.

परिस्थिती बदलली तरी परंपरा कशी जगते, याचा एक दाखला घुमटाचा आहे. गोव्याच्या आरत्यांत शामेळ व कांसाळ्यांच्या संगतीने वाजणारे हे मातीचे वाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर ते बंद झाले, बकऱ्याचे कातडे आले, आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान्यता दिली. कातडे बदलले तरी घुमट टिकले, कारण वाजविणारे हात टिकले. हात गेले असते, तर घोरपडीचे कातडे असूनही ते भिंतीवरच टांगले गेले असते.

म्हणून आमची सूचना अशी की, यंत्राकरिता जी रक्कम काढून ठेवावयाची, ती एका जाणत्या नगारा-पखवाज शिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनासाठी ठेवावी. आठ वर्षांवरील मुलामुलींची घरवार पाळी लावावी. मंगळवार एका घराचा, शुक्रवार दुसऱ्याचा. ज्या दिवशी कोणीच आले नाही, त्या दिवशी पुजाऱ्यांची एक घंटा पुरे आहे. घंटेची ती एकटी किणकिण ऐकून कोणाला चुकल्यासारखे वाटले, तर उद्या तो येईल. यंत्राच्या गजरात मात्र कोणाची अनुपस्थिती कोणालाच जाणवत नाही.

तात्पर्य

विद्यार्थ्यांनी व पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. जे साधन आपला कान अधिक तीक्ष्ण करते, ते घ्यावे; जे कानाचे काम स्वतः करून टाकते, ते बेताने घ्यावे; आणि जे चार माणसांना एकत्र बसण्याची गरजच नाहीशी करते, त्याला सार्वजनिक स्थानी आणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. मोबाइलचा तंबोरा लावा, पण खरा तंबोरा जुळवावयास शिका. मुद्रण करा, पण आधी पाठ करा. पडद्यावरून तालीम घ्या, पण गुरूच्या घरचे पाणी प्या. आणि येत्या आरतीला आपल्या घरातील एका मुलाच्या हाती टिपऱ्या देऊन त्याला नगाऱ्यापाशी उभे करा. पहिले काही दिवस त्याचा ठोका चुकेल. आपण सर्वांनी त्याला सांभाळून घेऊन म्हणत राहावे.